वडीलधाऱ्यांना पुढची सीट

गाडी घ्यायला आलेल्या माणसाने मनात आधीच ठरवलेलं असतं, फक्त ते त्याचं त्याला कळलेलं नसतं, असं फेरीकाकांचं ठाम मत होतं. शोरूममधली तरुण मुलं गिऱ्हाइकापुढे मायलेजचे आकडे म्हणून दाखवत, एअरबॅग मोजत, डिकी उघडून तिच्यात किती बॅगा मावतील ते हातवारे करून सांगत. काका तोवर कोपऱ्यातल्या खुर्चीवर चहा पीत बसलेले असत. सगळं ऐकून गिऱ्हाईक "बघू, घरी विचारतो" म्हणत दाराकडे वळलं, की काचेच्या केबिनमधून मॅनेजर काकांकडे बघून भुवई उचलत. मग काका किल्ली घेऊन उठत आणि म्हणत, "घरी कशाला, गाडीतच विचार करा की. एक चक्कर मारून येऊ."

टेस्ट ड्राइव्हला तिथे सगळे फेरी म्हणत आणि ती करवून आणणारे म्हणून हे फेरीकाका. चालवायचं गिऱ्हाइकाने, काकांनी नुसतं शेजारी बसायचं. त्याआधी निम्मं आयुष्य त्यांनी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये काढलं होतं. तिथे शिकवणाऱ्याच्या पायाखालीही एक ब्रेक असतो. तो ब्रेक मागे राहिला, पाय मात्र अजून तसाच होता. गिऱ्हाइकाने सिग्नलला जरा उशिरा ब्रेक मारला, की शेजारी काकांचा पाय रिकाम्या जागी गच्च दाबला जाई, चेहऱ्यावर मात्र हसू.

त्या वर्षी शोरूममध्ये नवीन छोटी गाडी आली होती आणि विक्री होती ती तिचीच. रस्त्याच्या पलीकडे दुसऱ्या कंपनीचं शोरूम, त्यांचीही त्याच मापाची, त्याच ऐपतीतल्या माणसांसाठी काढलेली छोटी गाडी. गिऱ्हाईक इकडची बघून तिकडे जाई, तिकडची बघून इकडे येई, आणि मधला रस्ता ओलांडताना दोन्हीकडची मुलं काचेला नाक लावून बघत राहत. दोन्ही गाड्यांना कंपनीने दिलेली नावं होती, पण ती कुणी घेत नसे. इकडची ती 'आपली' आणि तिकडची 'समोरची'. एकदा काका घरी फोनवर बोलत होते, "समोरची दिसायला साधीच आहे हो, पण मागे ऐसपैस आहे." फोन ठेवल्यावर बायकोने भाजी चिरता चिरता विचारलं, ही समोरची कोण आणि तुम्ही कधीपासून बघताय. काकांना ठसका लागला.

पण म्हणणं खरं होतं. आपली दिसायला देखणी, पुढून रुबाबदार, छप्पर मागे असं उतरत गेलेलं की उभी असली तरी धावल्यासारखी वाटावी. इंजिनात दम होता, पूल चढताना कुरकुर नाही. समोरची म्हणजे चार चाकांवर ठेवलेला डबा, पुलावर तिला धाप लागे. मात्र तिचं मागचं दार पार उघडे, सीट उंच, माणूस वाकल्याशिवाय आत जाऊन बसे. आपल्या गाडीत त्या देखण्या उतरत्या छपराने मागच्या माणसाचं डोकं खाली दाबलं होतं. दार अरुंद, त्यात चाकाचा उंचवटा आडवा आलेला. पाय उचलून, मान वाकवून, कंबरेत पिळा देऊन आत शिरायचं आणि मग खोल बसायचं, गुडघे वर. तरुण माणसाला यातलं काही जाणवत नसे. जाणवायचं ते म्हाताऱ्यांना, आणि छोटी गाडी घेणाऱ्यांच्या घरी म्हातारी माणसं असतात.

काकांचा एक नियम होता आणि त्याची त्यांना फुशारकीही होती. तोंडाने खोटं बोलायचं नाही. फेरीचा रस्ता ते आपल्या सोयीने निवडत, पूल हमखास घेत, कोर्टामागचा उखडलेला रस्ता हमखास टाळत. पण विचारलं त्याचं उत्तर खरं देत, आणि जे विचारलंच नाही ते आपणहून सांगायला आपण काय पलीकडच्यांचे पगारी आहोत, असं म्हणत.

पुढच्या सीटची गोष्ट अगदी सरळपणे सुरू झाली होती. एकदा एक तरुण आपल्या वडिलांना घेऊन आला. म्हातारे काठी टेकत दाराशी उभे राहिले आणि काकांनी काही मनात न आणता पुढचं दार उघडलं. म्हणाले, "तुम्ही पुढे बसा, वडीलधारी माणसं मागे बरी दिसत नाहीत." स्वतः मागे गेले, गुडघे छातीशी घेऊन बसले. म्हाताऱ्यांना पुढच्या काचेतून सगळा रस्ता दिसला, मुलगा कशी गाडी चालवतो ते दिसलं, ते खूश. त्यांनी परत आल्यावर मुलाला सांगितलं, हीच घे. काकांच्या लक्षात आलं की मागची सीट कशी आहे ते म्हाताऱ्यांना कळलंच नाही, आणि पुढे वर्षानुवर्षं ते बसणार होते मागे.

त्या दिवशी ते गप्प राहिले. पुढच्या वेळी एका आजींना त्यांनी पुन्हा पुढे बसवलं, तेव्हा मात्र ते मनात आणून. मग ती रीतच झाली. मॅनेजर हुशार माणूस, त्यांच्या नजरेतून काय सुटणार? सोमवारच्या मीटिंगमध्ये ते सगळ्यांसमोर म्हणाले, "काकांकडून शिका. वडीलधाऱ्यांना पुढची सीट. संस्कारही दिसतात आणि कामही होतं." मुलांनी टाळ्या वाजवल्या. काकाही हसले, पण घरी जाताना बसमध्ये एका थकल्या माणसाला उठून जागा देताना त्यांना उगीचच वाटलं, की आपण याला आता काय विकतो आहोत? आपण मान देतो तो खरा कधी आणि धंद्याचा कधी, हे त्यांचं त्यांनाच सांगता येईनासं झालं होतं. ही गोष्ट त्यांना टोचत राही, पण टोचणीची सवय होते, तशी झाली.

आणि मग एका रविवारी सकाळी शोरूमच्या दारात त्यांचा पुतण्या आला. बरोबर त्याची बायको, आणि तिच्या हाताला धरून वहिनी.

वहिनी म्हणजे काकांच्या थोरल्या भावाची बायको. ती लग्न होऊन घरात आली तेव्हा काका शाळेत होते आणि आई अंथरुणाला खिळलेली. पुढे आई गेली, आणि काकांचा डबा, काकांचे फाटलेले खिसे, काकांचा ताप हे सगळं वहिनीच्या अंगावर पडलं. ती त्यांना धाकट्या म्हणे, त्यांचे केस पांढरे झाले तरी धाकट्याच म्हणे. छापखान्यात पुस्तकबांधणीच्या खात्यात तिने नोकरी केली. सगळं काम उभ्याने. उभं राहून राहून खुबा झिजला, नवरा गेला त्याच्या पुढच्याच वर्षी खुब्याचं ऑपरेशन झालं. तिने ते सगळं हसत काढलं. घरातल्या कुठल्याही फोटोत बघावं तर ही कडेला, अर्धी कापलेली, कारण बाकीच्यांना नीट बसवण्यात हिचा वेळ गेलेला.

पुतण्याला गाडी हवी होती ती तिच्यासाठीच. डॉक्टरांनी सांगितलं होतं की वर्षभर नेमाने व्यायामकेंद्रात जायचं, तर पाय पुन्हा धड होईल, नाहीतर कायमचा आखडेल. टॅक्सी कधी मिळे, कधी नाही. नवरा-बायको दोघं नोकरीला निघतात, जाताना आईला केंद्रावर सोडायचं, असा त्यांचा साधा हिशेब. समोरची ते आदल्या दिवशी बघून आले होते. सूनबाईला ती डबा वाटली होती. पुतण्याचं अजून ठरत नव्हतं.

काका पुढे झाले आणि काही ठरवायच्या आत त्यांच्या हाताने पुढचं दार उघडलं होतं. "वहिनी, तू पुढे बस."

वहिनी मागे सरली. ती म्हणाली, मी आपली मागेच बरी, पुढे पोरं बसतील. काकांनी ऐकलं नाही. केबिनच्या काचेतून मॅनेजर बघत होते. दोन मुलं हातातलं काम टाकून बघत होती, कारण घरचं गिऱ्हाईक आहे हे सगळ्यांना कळलं होतं, आणि फेरीकाकांच्या घरात उद्या समोरची उभी राहिली तर चहाच्या टपरीवर काय काय बोललं जाईल हे काकांना पाठ होतं. ते म्हणाले, "आजवर सगळ्यांना पुढे केलंस, आज तू पुढे." वहिनीचे डोळे भरून आले. तिने पदर सावरला, आणि पुढची सीट खरोखरच सोयीची असल्यामुळे, विनासायास बसली.

मागे सूनबाई आणि काका. सूनबाई काडीसारखी, ती सहज आत शिरली. काकांची मान छपराला टेकली होती. पुतण्याने गाडी पुलावर घातली, ती तोऱ्यात चढली. वहिनी नदीकडे बघून म्हणाली की अग बाई, इथून नदी एवढी दिसते? इतकी वर्षं बसमधून येते-जाते, कधी दिसली नव्हती. पुतण्या हसला. सगळं मनासारखं चाललं होतं. काकांना मात्र वाटत होतं, आता परत आल्यावर सांगू, बाबा रे, आईला एकदा मागे बसवून बघ.

परत आल्यावर पुतण्यानेच विचारलं. गाडीला टेकून, हलक्या आवाजात, पुतण्यासारखं. "काका, कंपनी बाजूला ठेवा. तुमची आई असती, तर तुम्ही कुठली घेतली असती?"

एवढं सरळ त्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं. उत्तर एका शब्दाचं होतं. काकांनी केबिनकडे पाहिलं, पुतण्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "मला काय विचारतोस? जिच्यासाठी घेतोस ती बसलीय ना गाडीत. तिला विचार."

वहिनी तोंडभरून म्हणाली, "मला तर फार आवडली हो."

गाडीचं ठरलं. मॅनेजरनी पेढ्याऐवजी चॉकलेटचा डबा वहिनीच्या हातात दिला, फोटो काढला, आणि त्या फोटोत पहिल्यांदाच ती मधोमध होती. काका तोंडाने एक शब्दही खोटं बोलले नव्हते. त्या रात्री त्यांनी ही गोष्ट स्वतःला इतक्यांदा सांगितली की शेवटी बायकोने विचारलं, काय पुटपुटताय.

पुढे काही दिवस काका पुतण्याच्या घरी फिरकले नाहीत. काम आहे म्हणाले, सर्दी झाली म्हणाले. पुतण्याचा फोन आला की बायकोकडे देत. मग एकदा बायकोच बाजारात सूनबाईला भेटून आली आणि सहज बोलून गेली, की तुमच्या वहिनीने व्यायामाला जाणं सोडलंय म्हणे. आधी रोज, नंतर एक दिवसाआड जायच्या, मग कधीतरी, आता नाहीच. पोरं विचारतात तर म्हणतात कंटाळा येतो. पायाचं पुन्हा दुखणं सुरू झालंय. "एवढी गाडी दारात आली," बायको म्हणाली, "आणि आता कंटाळा. वय झालं की हट्टीपणा येतो बघा." वहिनीला उभ्या आयुष्यात कधी कंटाळा आलेला काकांना आठवत नव्हता.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, सगळे आत असताना, त्यांनी फेरीच्या गाडीचं मागचं दार उघडलं. एक पाय वाकवायचा नाही असं ठरवलं आणि आत शिरून बघितलं. जमलं नाही. पाठमोरं होऊन बसायला गेले तर डोकं आपटलं, कड धरून स्वतःला आत ओढलं तर खुब्यातून अशी कळ गेली की धडधाकट असून त्यांच्या तोंडून आवाज निघाला. ऑपरेशन झालेल्या बाईला हे रोज चढताना आणि रोज उतरताना. ते तसेच अर्धे आत, अर्धे बाहेर बसून राहिले. मग कुणी बघेल म्हणून उठले.

तरी माणसाचं मन पळवाट शोधतं. त्यांनी स्वतःला सांगितलं की समोरची तरी कुठे मोठी सुखाची असेल? लांबून दार मोठं दिसतं एवढंच. तिच्यातही त्रास झालाच असता, म्हणजे मग आपल्याकडे एवढा दोष येत नाही. हे खरं निघावं म्हणून त्यांनी मनातल्या मनात देवाला हातसुद्धा जोडले, आणि संध्याकाळी काम सुटल्यावर, मान खाली घालून, रस्ता ओलांडून पलीकडे गेले.

पलीकडेही एक फेरीवाला होता, काकांहून थोडा लहान, टक्कल पडलेला. दोघं इतकी वर्षं काचेतून एकमेकांना ओळखत होते, बोलले कधीच नव्हते. तो काकांना बघून चकितच झाला, पण धंद्याची रीत मोडली नाही. किल्ली घेऊन आला आणि अदबीने पुढचं दार उघडलं. "या काका. तुम्ही पुढे बसा."

काकांना एकदम कानशिलात बसल्यासारखं झालं. ते म्हणाले, मला मागे बसायचंय. टकलू हसला. म्हणाला, "मागे तर आमची उत्तमच आहे. पण आमच्या साहेबांनी सांगितलंय, म्हातारं माणूस दिसलं की पुढे बसवायचं. तुमच्याकडे चालतंय ना, म्हणून. तुम्हीच काढलंत ना ते?"

काकांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मागचं दार पार उघडलं. ते आधी टेकले, मग दोन्ही पाय एकत्र आत फिरवले. काही लागलं नाही, काही दुखलं नाही. गाडी निघाली. टकलूने पूल टाळला आणि बाजारातून नेली. काकांना कारण ठाऊक होतं, त्यांना हसूही आलं असतं. पण ते कपाळाला हात लावून मागे बसले होते. कोर्टामागच्या उखडलेल्या रस्त्यावर टकलूने मुद्दाम घातली, समोरची गपगुमान गेली. पुलावर चढायला धाप लागणारी गाडी. वहिनीला कुठे पूल चढायची घाई होती? उतरल्यावर टकलूने विचारलं, कशी वाटली. काका म्हणाले, "चांगली आहे. फार चांगली आहे हो." आणि टकलूला ते हात जोडून का निघाले ते कळलं नाही.

तिथून ते परस्पर पुतण्याच्या घरी गेले. पोरं अजून कामावरून यायची होती. वहिनीने दार उघडायला वेळ लावला. भिंतीला धरत धरत आली होती. काकांना बघून तिचा चेहरा फुलला.

"अरे धाकट्या, किती दिवसांनी रे! हडकलास की. बस, चहा टाकते."

काका म्हणाले चहा नको, तू बस. ती ऐकणारी नव्हती, ओट्याला टेकून तिने चहा केलाच. तेवढ्यात शेजारची बाई काहीतरी मागायला आली. वहिनीने तिला काकांची ओळख करून दिली. हाच तो माझा दीर, म्हणाली, मी सांगत नव्हते? एवढ्या मोठ्या शोरूममध्ये, साहेबलोकांसमोर, याने मला पुढे बसवलं आणि स्वतः मागे बसला. शेजारीण म्हणाली, हो, दहादा तरी सांगितलंत. टीव्हीजवळ तो फोटो चौकटीत लावलेला होता. शेजारीण गेली. काकांनी कप तसाच खाली ठेवला.

त्यांनी विचारलं, तू व्यायामाला का जात नाहीस. ती म्हणाली, कंटाळा येतो रे. ते म्हणाले, खरं सांग. ती हसली, कपातल्या चहाकडे बघत राहिली, आणि म्हणाली की आता वयच झालं, गाडीत चढ-उतार करताना जरा जड जातं, बाकी गाडी छान आहे हो, गाडीला नाव ठेवायला जागा नाही. पुतण्याला हे सांगितलंस का, काकांनी विचारलं. "छे," ती म्हणाली, "त्याला वाटायचं, काकाने चुकीची गाडी गळ्यात मारली. कशाला उगीच."

म्हणजे ती दुखणं गिळून घरात बसली होती ती काकांना बोल लागू नये म्हणून. काकांचा धीर तिथे सुटला. त्यांना वाटलं, आता बोललो नाही तर आपण माणसात नाही. पुतण्याला सांगता आलं असतं, नुसतं एवढं सांगता आलं असतं की आईला पुढे बसवत जा, सूनबाई मागे बसेल, तिला काही होत नाही. तेवढ्याने भागलं असतं. पण काकांना भागवायचं नव्हतं, त्यांना छातीवरचा धोंडा उतरवायचा होता. आणि तो त्यांनी उतरवला.

"वहिनी, मला ठाऊक होतं. मागची सीट तुला झेपणार नाही हे मला त्या दिवशीच ठाऊक होतं. म्हणून तर तुला पुढे बसवलं. म्हाताऱ्या माणसांना मी पुढेच बसवतो, मागचं कळू नये म्हणून. सगळ्यांनाच. ती माझी युक्ती आहे."

काका बोलतच राहिले. मॅनेजर काचेतून बघत होते ते सांगितलं, टपरीवर हसले असते ते सांगितलं, पुतण्याने आईवरून विचारलं तेव्हा आपण उत्तर तुझ्या तोंडून काढून घेतलं, तेही सांगितलं. बोलता बोलता ते रडले. आणि रडल्यावर त्यांना बरं वाटलं, कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास आला. त्यांनी वर पाहिलं.

वहिनी फोटोकडे बघत होती. तिकडेच बघत म्हणाली, "गाडी मला सोयीची नाही, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं रे. त्याचं मला काही वाटलं नाही. चूक कुणाचीही होते. पण पुढे बसवलंस ते तरी खरं होतं, असं मी धरून चालले होते." तिने हातातला कप खाली ठेवला. "ते सांगायला नको होतंस."

काका म्हणायला गेले की नाही, तेही थोडं खरं होतं, हात आपोआप गेला होता दाराकडे. पण किती खरं आणि किती धंद्याचं हे त्यांना स्वतःलाच ठाऊक नव्हतं, तिला काय सांगणार? कप विसळून ठेवू का, एवढंच त्यांनी विचारलं. ती म्हणाली, राहू दे.

त्याच आठवड्यात त्यांनी पुतण्याला शोरूमच्या बाहेर गाठून सगळं सांगितलं. पुतण्या आधी हसला, मग म्हणाला, "काका, मी तुम्हाला विचारलं होतं." त्यापुढे त्याने शब्द वाढवला नाही. सूनबाई मात्र चांगली निघाली. दुसऱ्या दिवसापासून ती लॅपटॉपची बॅग मांडीवर घेऊन मागे बसू लागली, आणि कुणी काही म्हणायच्या आत तिने सासूबाईंसाठी पुढचं दार उघडलं. व्यायाम पुन्हा सुरू झाला. पाय सुधारू लागला. पुढे तर भिंतीचा आधारही सुटेल असं केंद्रातल्या बाई म्हणाल्या. काकांना हे सगळं बायकोकडून कळत होतं. वहिनी कुणाजवळही काकांबद्दल वाकडा शब्द बोलली नव्हती, हेही बायकोकडूनच कळलं.

मग एका सुट्टीच्या दिवशी ते मनाचा हिय्या करून गेले. बेल वाजवली तेव्हा आतून पावलं आली ती भरभर, भिंतीला न धरता. दार वहिनीनेच उघडलं. चेहऱ्यावर राग नव्हता. ती नीट हसली, बाजूला झाली, आणि आत जाऊन तिने घरातली चांगली खुर्ची पुढे ओढली, जी पाहुण्यांना देतात ती. फडक्याने ती पुसलीसुद्धा.

"या भाऊजी," ती म्हणाली. "तुम्ही बसा ना."